रेघ आखली जाते तेव्हाच बोला

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळा नगरपालिकेच्या ताब्यात नसतात. प्रत्येक भागाचा एक स्कूल डिस्ट्रिक्ट असतो आणि त्याचा कारभार लोकांनी निवडून दिलेलं मंडळ पाहतं. कुठली शाळा बंद करायची, शिक्षकांना किती पगारवाढ द्यायची, वाचनालयात पूर्णवेळ माणूस ठेवायचा की नाही, हे सगळं तेच ठरवतं. माझ्या दोन्ही मुली कॅलिफोर्नियातल्या अशाच एका डिस्ट्रिक्टच्या सरकारी शाळेत शिकल्या. आमचं मंडळ पाच जणांचं. वर्षानुवर्षं हे पाचही जण गावाच्या एकाच बाजूचे, टेकडीवरच्या बंगल्यांतले असत. हमरस्त्याच्या अलीकडे, अपार्टमेंटांच्या रांगांमध्ये, शाळेत जाणारी मुलं जास्त होती. तिथून मंडळावर कुणीच नव्हतं.

यात कुणी मतपेट्यांशी खेळ केला नव्हता. पाचही जागांसाठी साऱ्या डिस्ट्रिक्टने मतदान करायचं, अशी ती पद्धत होती. तिला इथे ‘ॲट-लार्ज’ म्हणतात. ज्यांची मतं निम्म्याहून थोडी जास्त, त्यांना पाचपैकी पाच जागा मिळू शकतात आणि उरलेल्यांच्या हाती काहीच लागत नाही.

कॅलिफोर्नियाने २००२ साली यावर स्वतंत्र मतदान हक्क कायदा केला. एखाद्या समाजगटाची मतं एकीकडे आणि बाकीच्यांची दुसरीकडे पडतात, आणि ॲट-लार्ज पद्धतीमुळे त्या गटाचा आवाज दडपला जातो, हे दाखवता आलं तर न्यायालय पद्धत बदलायला लावू शकतं. मोडेस्टो शहराने या कायद्यालाच आव्हान दिलं आणि २००६ साली अपील न्यायालयात हरलं. पुढे त्या शहराला समोरच्या वकिलांच्या फीपोटी सुमारे ३० लाख डॉलर मोजावे लागले. तेव्हापासून वकिलाचं पत्र आलं की बहुतेक मंडळं न लढता डिस्ट्रिक्टचे भाग पाडायला तयार होतात. आमच्याकडेही तसंच झालं. हा वकिलांचा धंदा आहे अशी टीका इथे बरीच होते. धंदा असेलही, पण त्या पत्राशिवाय आमच्या मंडळाने पुढची वीस वर्षंही काही बदललं नसतं.

खरी लढाई त्यानंतर सुरू होते, कारण भाग पाडायचे म्हणजे रेघ आखायची, आणि ती कुठून जाणार यावर सगळं अवलंबून असतं. जनगणनेचे छोटे छोटे तुकडे जोडत, प्रत्येक भागात साधारण सारखी लोकसंख्या येईल असे पाच रंग तज्ज्ञ नकाशावर भरतात. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान भागातला फरक दहा टक्क्यांच्या आत राहिला तर न्यायालयं सहसा हरकत घेत नाहीत.

ही लोकसंख्या म्हणजे कोण? फक्त मतदार नव्हेत. मुलं, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबलेले आईबाप, एच-१बी व्हिसावर आलेले इंजिनिअर, सगळे मोजले जातात. टेक्सासमधल्या दोन मतदारांनी, केवळ मतदारांची संख्या समान ठेवा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली होती. २०१६ साली न्यायालयाने ती फेटाळली. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निकालपत्रात लिहिलं की ज्यांना मत नाही त्यांचाही कारभारात वाटा असतो, आणि उदाहरण दिलं ते मुलांचं, त्यांच्या पालकांचं आणि सरकारी शिक्षणाचं. माझ्या मते शाळा मंडळाच्या बाबतीत यापेक्षा न्याय्य तत्त्व नाही. मंडळाची जागा असते ती शाळेत बसलेल्या मुलांसाठी, आणि मुलं तर बहुतेक ठिकाणी मतदार नसतात.

आमच्या अपार्टमेंटांत मराठी, तेलुगू, तमीळ कुटुंबं दाटीने राहतात. ती मोजली जातात, पण त्यांतल्या बहुतेकांना मत नाही. म्हणून ती सुनावणीलाही येत नाहीत. आपल्याला इथे बोलायचा हक्क नाही असंच त्यांना वाटतं. हे साफ चूक आहे. कायद्यानुसार नकाशा आखण्याआधी दोन आणि मसुदा प्रसिद्ध झाल्यावर आणखी दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात. तिथे कुणी पासपोर्ट विचारत नाही. मतदानाच्या दिवशी ज्याला मत देता येत नाही, तो माणूस नकाशाच्या सुनावणीत मतदाराच्या बरोबरीने माइकसमोर उभा राहू शकतो. त्याने सांगितलेली गोष्ट पुढची दहा वर्षं, म्हणजे पुढच्या जनगणनेपर्यंत, टिकू शकते.

आमच्या पहिल्या मसुद्यात अपार्टमेंटांची वस्ती तीन भागांत कापलेली होती. कारण उघड होतं. जवळपास राहणारे दोन विद्यमान सदस्य एकाच भागात येऊन समोरासमोर उभे ठाकू नयेत, म्हणून रेघ त्यांच्या दारांना वळसे घालत गेली होती. सभागृहात बहुतेक निवृत्त घरमालक होते. शेवटी आमच्या शेजारच्या इमारतीतला एक मराठी बाप उठला. त्याला मत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, की या तिन्ही गल्ल्यांतली मुलं एकाच प्राथमिक शाळेत चालत जातात, एकाच मैदानावर खेळतात, आणि ती शाळा बंद करायची वेळ आली तर या सगळ्यांचं मिळून एक माणूस मंडळावर बसलेलं असायला हवं. पुढच्या मसुद्यात ती वस्ती अखंड होती.

पद्धत चुकीची असेल तर काय होतं, हे न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट रामापोने पाहिलं आहे. तिथे बहुसंख्य मतदार एका धार्मिक समाजाचे आहेत आणि त्यांची मुलं समाजाच्या खासगी शाळांत जातात. सरकारी शाळांत प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं शिकतात. नऊ सदस्यांचं मंडळ ॲट-लार्ज निवडलं जाई, त्यामुळे ज्यांची मुलं त्या शाळांत नव्हती त्यांच्याच हाती त्या शाळा गेल्या. शिक्षक कमी झाले, बालवाडी अर्ध्या दिवसावर आली. २०२० साली न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली आणि नऊ वेगळे वॉर्ड करायला लावले. त्या समाजाचा मताचा हक्क कुणी नाकारत नव्हतं, आणि नाकारूही नये. नऊच्या नऊ जागांवर त्यांच्याच पसंतीची माणसं निवडून आणता येणं, दोष तिथे होता.

वॉर्ड पाडणं हाच मात्र सगळ्या ठिकाणचा उपाय नाही. अल्पसंख्य लोक सगळीकडे विखुरलेले असतील, तर रेघ कशीही मारली तरी ते प्रत्येक भागात अल्पसंख्यच राहतात. मिसुरीतल्या फर्ग्युसन-फ्लोरिसंट डिस्ट्रिक्टचा खटला म्हणूनच मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथेही न्यायालयाने २०१६ साली जुनी पद्धत रद्द केली, पण वॉर्ड न पाडता एकत्रित मतदान लागू केलं. जितक्या जागा तितकी मतं, आणि हवी तर सगळी मतं एकाच उमेदवाराला द्यायची मुभा. विखुरलेला गट एकजुटीने एका माणसाला निवडून आणू शकतो.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तकात हेच सुचवलं होतं: अल्पसंख्यांसाठी एकसदस्यीय मतदारसंघाऐवजी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि त्यात एकत्रित मतदान. १९३७ साली मुंबई प्रांताच्या निवडणुकीत ती पद्धत वापरलीही गेली होती.

आणि आज? मुंबईत एका प्रभागातून एक नगरसेवक निवडला जातो, तर पुण्यात सहसा चार. पण पुण्यातल्या त्या चार जागा अ, ब, क, ड अशा सुट्या लढवल्या जातात आणि प्रत्येक जागेला एकेकच मत देता येतं. म्हणजे प्रभागातला सर्वांत मोठा गट चारही जागा नेऊ शकतो. बहुसदस्यीय पद्धतीचा तोटा पदरात पडतो आणि बाबासाहेबांनी सांगितलेला फायदा मात्र मिळत नाही. प्रभाग मोठे करून प्रतिनिधित्व वाढतं, असं जे सांगितलं जातं ते मला मुळीच पटत नाही. एकत्रित मतदान देणार नसाल, तर छोटा, एका सदस्याचा प्रभागच बरा. निदान आपल्या शाळेची गळकी खोली कुणाला दाखवायची हे तरी कळतं.

महाराष्ट्रातही प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध होते. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण यांचीही होते. त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. इच्छुक उमेदवार आणि पक्षांचे कार्यकर्ते ती रचना ओळ न् ओळ वाचतात. पालकांनीही ती तशीच वाचायला हवी. पुढच्या वेळी तुमच्या भागाची प्रारूप रचना लागेल तेव्हा नकाशा उघडा आणि तुमच्या मुलांच्या शाळेवर बोट ठेवा. त्या शाळेत येणाऱ्या वस्त्या रेघेने तोडलेल्या दिसल्या, तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा.