चरबीचा धडा

मंडळी, आपल्याकडे लग्नकार्यात कुणी भेटलं की पहिलं वाक्य ठरलेलं... "काय गं, किती सुटलीस!" पाठोपाठ निकालही तयार, "तोंडावर ताबा नको का?" लहान मुलंही यातून सुटत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, हा निकाल देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मी मराठी माध्यमातला बी.ए., विज्ञान काही माझा प्रांत नव्हे. पण निवृत्तीनंतर जे वाचलं, ते सांगतो. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींकडे जनुकांचं पुस्तक एकच. कुणी कोणता धडा उघडायचा, एवढाच फरक! चरबीपेशीचा धडा उघडतं पीपीएआर-गॅमा नावाचं प्रथिन. १९९४ साली अमेरिकेत ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवलं. वेगळ्याच प्रकारच्या पेशींत हे प्रथिन कामाला लावलं, तर त्यांच्या चरबीपेशी होतात.

काहींच्या याच जनुकात दोष असतो. त्यांच्या हातापायांवर चरबी धरतच नाही. भाग्यवान वाटतात ना? पण तीच चरबी यकृतात साठते, आणि मधुमेह मागे लागतो. कोठार लहान असलं की धान्य घरभर सांडणारच.

आणि नुसतं वजन तरी काय सांगतं? पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

२००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की चरबीपेशींची संख्या बहुतांशी लहानपणी आणि किशोरवयातच ठरते. पुढे दरवर्षी साधारण १० टक्के पेशी मरतात, आणि तितक्याच नव्या येतात. वजन उतरवलं तरी पेशी बारीक होतात, संख्या घटत नाही.

म्हणजे वाट्टेल ते खावं का? मुळीच नाही. आहार, व्यायाम हवाच, आणि मुलांना ती सवय घरातल्या मोठ्यांनी स्वतः चालून लावावी. पण प्रत्येकाला मिळालेली पाटी निराळी असते. एकाला जे सहज जमतं, त्यासाठी दुसऱ्याला दुप्पट झगडावं लागतं. अशा झगडणाऱ्या मुलाला चारचौघांत हसलं, तर ते आधी मैदान सोडतं, जेवण नव्हे.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.