पळसाचे पाणी आणि पोरीचा रंग



लाखनी तालुक्यातील एका ताईंचे पत्र आमच्यासमोर आहे. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, घरचे सारे करते, रोवणीच्या दिवसांत बांधीतही उतरते. वैशाखात तिला पाहायला पाहुणे यायचे आहेत. "पोरगी गुणाची आहे, पण रंगाने दबलेली आहे," असे ताई लिहितात. बाजारात पळसफुलांच्या अर्काची बाटली मिळते, तिने चेहरा उजळतो म्हणतात, तर ती घ्यावी का, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे: सध्या मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावते, तीन महिने झाले.

पत्रातली खरी गोष्ट त्या शेवटच्या ओळीत आहे. पण विचारले फुलाबद्दल आहे, म्हणून आधी फूल.

पळस, कोणी त्याला परसा म्हणतात, आपल्या भंडारा जिल्ह्यात विकत घ्यावा लागत नाही. पत्रावळीला त्याचे पान, उन्हाळ्याच्या तोंडाशी पोरांच्या आंघोळीला त्याचे फूल, हे आमच्या आज्यांपासून चालत आले आहे. होळीशी आपल्याला कर्तव्य नाही, पण फुलाने काय बिघडवले आहे? मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पाठ-मान घामोळ्यांनी भरते, तेव्हा या पाण्याने खाज निवते. फुलात ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन नावाची पिवळी-केशरी रंगद्रव्ये असतात. ती दाह कमी करतात असे प्रयोगशाळेत, प्राण्यांवर दिसले आहे. शिवाय फुलात तुरटपणा असतो, त्याने ओलसर कातडी जरा आवळते. या फुलाने रंग गोरा होतो असे मात्र कुठे सिद्ध झालेले नाही. या पाण्याने लू लागत नाही असेही म्हणतात. तेही खरे नाही. लू टाळायची तर पाणी पिणे, डोक्याला दुपट्टा आणि दुपारची सावली.

पाणी करायचे ते असे. दोन ओंजळी ताजी फुले घ्यावी, सुकी असतील तर एक ओंजळ. मागचा काळसर मखमली देठ काढून टाकावा. फुले रात्री स्टीलच्या गंजात भिजवून सकाळी एक उकळी द्यावी. लोखंडी कढई घेऊ नये, पाणी काळे पडते. दुहेरी कापडातून गाळावे, कारण फुलात माती असते, मुंग्याही असतात. थंड झाल्यावर आंघोळीच्या पाण्यात मिसळावे. रंग खुलावा म्हणून काहीजणी चिमूटभर चुना टाकतात. कपडा रंगवायला तो ठीक, अंगाला नको. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे. उरलेले पाणी दुसऱ्या दिवसावर ठेवू नये, आंबते. आणि पांढरा टॉवेल वापरला तर तो पिवळा होईल, मग आम्हाला दोष देऊ नका.

फुलाचा गुण बीला लागू नाही, हेही सांगून ठेवतो. पळसपापडी लिंबाच्या रसात उगाळून गजकर्णावर लावण्याची जुनी रीत आहे. ती कातडी जाळते. चेहऱ्यावर आणि जांघेत तर मुळीच लावू नये.

आता बाटली. मागची बारीक अक्षरे वाचा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, त्याहून कमी असलेले शेवटी कसेही. बहुतेक बाटल्यांवर पहिले नाव पाण्याचे असते आणि फुलाचा अर्क शेपटाला, सुगंधाच्या शेजारी. जे झाडाखाली पडलेले असते त्याचे पैसे द्यायचे कशाला?

आणि ती ट्यूब. ताई, तिच्यावरचे नाव पाहा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतले काही लिहिले असेल तर ते स्टेरॉइड आहे. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो, म्हणूनच बाया फसतात. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते, उन्हात गेले की आग होते. बंद केले की चेहरा आणखी भडकतो आणि पोरगी पुन्हा तीच ट्यूब उचलते. गजकर्णावर ही ट्यूब लावली तर लाली तेवढी झाकते, आत बुरशी पसरत राहते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. तरी चिठ्ठीशिवाय ती मिळतात, हे तुमच्या पत्रावरूनच दिसते.

नाव-पत्ता नसलेली डबी त्याहून वाईट. २०२३ साली अकोल्याची बातमी आली होती. एका घरातल्या मायलेकींनी गोरे करणारी क्रीम वापरली आणि त्यांचे मूत्रपिंड बिघडले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासले तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून तो घालतात, आणि कातडीतून तो रक्तात जातो.

तेव्हा ट्यूब घेऊन मुलीला सरकारी जिल्हा रुग्णालयात कातडीच्या डॉक्टरांकडे न्या. एकदम बंद करायची की हळूहळू, ते चेहरा पाहून त्यांनाच ठरवू द्या. तोवर साधा सौम्य साबण, थोडे खोबरेल आणि उन्हात ओढणी. चेहऱ्यावर पळसाचे पाणीसुद्धा नको, ती कातडी आता नाजूक झाली आहे.

एक गोष्ट मात्र आम्हाला बोचली. पत्रिका पाहणे आपण १९५६ साली सोडले. मुलाकडचे आता मंगल परिणयाला गुण जुळवायला सांगत नाहीत, पण पोहे खाऊन उठताना "मुलगी सावळी आहे" म्हणतातच. हे म्हणणाऱ्यांत आम्हीही एकदा होतो, आमच्या धाकट्या दिराच्या वेळी. ती मुलगी आज दुसऱ्या घरी सुखात आहे. रस्त्यात भेटली की आमची मान खाली जाते. ज्या कातडीने आपल्या मायबायांना बांधीतल्या उन्हात सांभाळले, तो काळा रंग म्हणजे उन्हावरची छत्रीच आहे. पाहुण्यांना हे कोणी सांगावे? मुलीच्या बापाने सांगितले तर उद्धटपणा ठरतो. म्हणून मुलाच्या आईने आपल्या घरी आधीच सांगून निघावे, ही आमची मुलाकडच्या बायांना विनंती.

फुले वेचायची तर चैत्र सरायच्या आत, सकाळी लवकर. झाड झोडपू नये, खाली पडलेलीच घ्यावी आणि सावलीत वाळवावी. दिवस वर आला की माणसाच्या आधी मुंग्या पोचतात.