जन्मतारीख आणि जीर्णोद्धार

कोणत्याही जुन्या वस्तूविषयी दोन प्रश्न विचारता येतात. ती किती वर्षांची आहे, हा पहिला. ती कोणत्या अवस्थेत आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कागदावर मिळते. दुसऱ्यासाठी जागेवर जाऊन, वाकून, हात काळे करून पाहावे लागते. प्रशासनाचा कल नेहमीच पहिल्या प्रश्नाकडे असतो. या प्रवृत्तीचे गुणदोष तपासण्यासाठी मी आज एक वरकरणी चैनीचा विषय घेतो आहे : जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांची खरेदी, त्यांचा जीर्णोद्धार आणि त्यांची देखभाल. अमेरिकेत वा जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी काहींना हा छंद परिचयाचा असेल. दिल्लीत राहणाऱ्यांना जुन्या गाडीचा प्रश्न वेगळ्या, अधिक कटू मार्गाने परिचयाचा आहे.

उदाहरण म्हणून डॅटसन २४०झेड ही गाडी घेऊ. निस्सान कंपनीने ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानमध्ये 'फेअरलेडी झेड' या नावाने ही मालिका सादर केली. निर्यातीच्या गाडीला २.४ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन होते. कंपनीचे अमेरिकेतील प्रमुख युताका काटायामा यांचा आग्रह असा, की युरोपीय स्पोर्ट्स गाडीचा डौल सामान्य पगारदाराला परवडेल अशा किमतीत मिळाला पाहिजे. अमेरिकेत ती सुमारे साडेतीन हजार डॉलरला विकली गेली आणि जपान म्हणजे स्वस्त, किरकोळ वाहने हा तेथील समज तिने मोडून काढला. काटायामा २०१५ मध्ये १०५ व्या वर्षी निवर्तले. त्यांनी विकलेल्या गाड्यांपैकी अनेक आजही धावत आहेत, आणि त्याहून कितीतरी अधिक गंजून संपल्या आहेत.

दोन्ही गाड्या एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी निघालेल्या असताना एक का टिकली आणि दुसरी का संपली? माझ्या विषयाचा गाभा हाच आहे. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचे कवच हीच तिची चासी. त्या काळी गंजरोधक प्रक्रिया तोकडी होती. त्यामुळे पायाखालचा पत्रा, दाराखालची पट्टी, बॅटरीखालची जागा, मागच्या चाकापुढचा कोपरा आणि पुढच्या काचेखालची पन्हळ ही तिची मर्मस्थाने. वरून चकचकीत रंग असला तरी या पाच ठिकाणी टिचकी मारून पाहिल्यावाचून जाणकार बयाणा देत नाही. इंजिन नव्याने बांधता येते. ते काम मोजके आणि ठरावीक खर्चाचे असते. कवच सडले असेल, तर मात्र खर्चाला अंत राहत नाही. म्हणूनच या व्यवहारातील जुना अनुभव असा, की सर्वांत स्वस्त मिळालेली गाडीच शेवटी सर्वांत महाग पडते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज ॲकरलॉफ यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेतले होते. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक, घेणाऱ्याला ते अज्ञात. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो, चांगल्या गाडीचा मालक त्या किमतीला विकत नाही, आणि बाजारात उरते ते गाळ. हा निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी ते वर्षभर दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते आणि निबंधात भारतातील सावकारी कर्जाचाही विचार आहे. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या रोगावरचा उपाय म्हणजे विश्वासार्ह माहिती : दुरुस्तीची बिले, तपासणीचे दाखले, इंजिन व चासी क्रमांकांची जुळणी, काम चालू असतानाची छायाचित्रे. ज्या गाडीची फाइल जाड, तिची किंमत अधिक. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाक्य लिहिताना थोडे समाधान वाटते, हे लपवत नाही.

जीर्णोद्धाराचे अर्थकारण त्याहून बोधप्रद आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत झेड मालिकेची विक्री थांबल्यानंतर, निस्सानने स्वतःच जुन्या २४०झेड विकत घेतल्या, कारागिरांकडून त्या नव्यासारख्या करून घेतल्या आणि आपल्या विक्रेत्यांमार्फत सुमारे पंचवीस हजार डॉलरला विकल्या. योजना पन्नास गाड्यांपर्यंतही पोचली नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला हे का जमू नये? कारण गाडी बनवणे हे कारखान्याचे काम आहे, तर जीर्णोद्धार हे कारागिराचे. प्रत्येक गाडी वेगळ्या जागी सडलेली असते, एकीचा अंदाज दुसरीला लागू पडत नाही, आणि मजुरीचे तास कमी करण्याची युक्ती कोणाला सापडलेली नाही.

वीस वर्षांनी जपानी कंपन्यांनी अधिक शहाणा मार्ग धरला. माझदाने १९८९ च्या पहिल्या पिढीच्या रोडस्टर गाडीसाठी २०१७ मध्ये जीर्णोद्धाराची योजना जाहीर केली. येथे गाडी ग्राहकाची, काम कंपनीचे, आणि कामाच्या दर्जाची पारख टीयूव्ही ऱ्हाइनलँड या तटस्थ तपासणी संस्थेची. बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवले गेले. मूळ आकाराचे टायरसुद्धा ब्रिजस्टोनने नव्याने उपलब्ध केले. त्याच वर्षी निस्सानने १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरचे, आणि पुढे टोयोटाने सुप्राचे सुटे भाग पुन्हा विक्रीस आणले. संपूर्ण गाडी विकण्यापेक्षा तिच्या दीर्घायुष्याची सामग्री पुरवणे, ही भूमिका टिकाऊ ठरली.

देखभालीचा भाग सर्वांत कंटाळवाणा आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा. झाकून ठेवलेली गाडी टिकते हा भ्रम आहे. उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात, रबरी नळ्या कडक होऊन तडकतात, टाकीत पेट्रोल शिळे होते आणि कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत चिकटा बसतो. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ही चिंता वाढवली आहे; इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या जातीच्या रबराला मानवत नाही. त्यामुळे नळ्या व सील नव्या रबराचे बसवणे, दर काही आठवड्यांनी गाडी इंजिन पुरते तापेपर्यंत चालवणे, ब्रेकचे तेल ठरल्या वेळी बदलणे, हे सारे जीर्णोद्धारानंतर आयुष्यभर करावे लागते. खरेदीचा खर्च एकदाच होतो, देखभालीचा कधीच संपत नाही. आपल्या सार्वजनिक बांधकामांची गोष्ट याहून निराळी नाही. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मंत्री येतात. गच्चीची गळती थांबवण्याच्या तरतुदीसाठी मात्र तीन तीन स्मरणपत्रे पाठवावी लागतात.

आता राज्यसंस्थेकडे वळू. वेगवेगळ्या देशांनी जुन्या गाडीकडे कसे पाहिले?

अमेरिकेत १९८८ च्या कायद्यापासून परदेशी बनावटीची गाडी पंचवीस वर्षांची झाली, की संघराज्याच्या सुरक्षा मानकांतून सुटते. त्याआधी ती आणणे जवळजवळ अशक्य. परिणाम असा, की १९८९ ची स्कायलाइन २०१४ मध्ये आणि १९९९ ची २०२४ मध्ये कायदेशीर झाली. गाडीत काहीच बदलले नाही, केवळ दिनदर्शिकेचे पान उलटले. आणि ती तारीख जवळ आली की जपानमधील भाव चढू लागले. ज्या जपानच्या कंपन्या स्वतः जीर्णोद्धार करतात, त्याच जपानचे कर खाते तेरा वर्षांवरील पेट्रोल गाडीवर सुमारे पंधरा टक्के अधिक वाहनकर लावते, मग ती कितीही उत्तम राखलेली असो. जर्मनीने १९९७ मध्ये तिसरा मार्ग काढला. तेथे तीस वर्षे ही केवळ पात्रता. त्यानंतर तज्ज्ञ गाडी तपासतो. ती मूळ स्वरूपात व सुस्थितीत असेल तरच तिला वारसा वाहनाची पाटी मिळते आणि वर्षाला सुमारे १९२ युरो असा ठरावीक कर लागतो. जर्मन पद्धतीत वय दार उघडते, पण आत प्रवेश अवस्था पाहूनच मिळतो. मला ही पद्धत सर्वांत न्याय्य वाटते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर तपासणी करून पाच पाच वर्षांनी नूतनीकरण. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले : वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे, आणि वापर प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल अशा कारणांपुरता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पन्नास वर्षांवरील वाहनांच्या आयातीची वाटही मोकळी झाली. त्यापूर्वी ती सवलत १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांपुरती होती. ही पावले स्वागतार्ह आहेत. १९७० ची २४०झेड आज या चौकटीत बसू शकते.

मात्र दोन अडचणी उरतात. पहिली अशी, की या नियमांना मूळ स्वरूपातील, चासी वा कवचात मोठा फेरफार न झालेले वाहन अपेक्षित आहे. ज्या गाडीचे कवच हीच चासी, तिचा सडलेला तळ कापून नवा पत्रा जोडणे हा फेरफार की जीर्णोद्धार? नियमाचा अर्थ लावणाऱ्या समितीत पत्र्याचे काम जाणणारा कोणी नसेल, तर प्रामाणिक मालकाची कोंडी होईल.

दुसरी अडचण मोठी आहे. पंधरा आणि पन्नास यांच्यामध्ये पस्तीस वर्षांची दरी आहे. १९८९ ची रोडस्टर या दरीत आहे; १९८३ ची पहिली मारुती ८०० देखील २०३३ पर्यंत तेथेच राहील. राजधानी परिसरात तर हरित लवादाच्या २०१४-१५ च्या आदेशांनी आणि २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई नको असे सांगितले, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत स्टेज चार व पुढील मानकांच्या गाड्यांपुरते ठेवले. वयापेक्षा मानक ही अधिक तर्कशुद्ध कसोटी आहे, हे मान्य. पण मानक म्हणजेही गाडीच्या जन्मवेळचा दाखला. आज तिच्या नळीतून काय बाहेर पडते, ते त्यावरून कळत नाही.

याच दरीत गाड्यांचे खरे मरण होते. पन्नास वर्षे कोणी गाडी केवळ आशेवर सांभाळत नाही. त्या काळात सुटे भाग बंद होतात, कार्बुरेटर कानाने लावणारे मिस्त्री म्हातारे होतात आणि त्यांची मुले दुसरा धंदा धरतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे पर्व ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. टॅक्सीला वयोमर्यादा असावी, याविषयी माझा वाद नाही. ती रोज प्रवासी वाहते. पण तिच्याबरोबर तिच्या कारागिरांची विद्याही भंगारात जाऊ नये, याची व्यवस्था कोणाच्याच कार्यकक्षेत नव्हती.

यावर आक्षेप येईल, की हा श्रीमंतांचा छंद आहे आणि फुप्फुसे गरिबांची आहेत. आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच सवलत वापराच्या मर्यादेशी बांधलेली असावी. वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर धावणाऱ्या मोजक्या गाड्यांचा धूर आणि रोज धावणाऱ्या, नीट न राखलेल्या हजारो वाहनांचा धूर यांत फरक करता आला पाहिजे. तो न करता सरसकट वय लावणे म्हणजे त्या दुसऱ्या, नव्या पण धुरकट गाडीला अभय देणे होय.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो आमच्याच खात्यांतून येतो. वय ही कसोटी स्वस्त आहे, सर्वांना समान आहे आणि तिच्यात लाच देऊन फेरफार करता येत नाही. अवस्था तपासायची म्हणजे निरीक्षकाला स्वेच्छाधिकार देणे, आणि तेथे दार उघडते ते कोणासाठी, हे सर्वजण जाणतात. मला हा युक्तिवाद गंभीर वाटतो. परंतु त्याचा अर्थ नीट पाहावा. वयाची कसोटी लावताना राज्यसंस्था गाडीविषयी काही सांगत नसते; आपल्याच निरीक्षकावर आपला विश्वास नाही, एवढेच ती सांगत असते. अविश्वासावर उभारलेला नियम तात्पुरता चालतो, पण निरीक्षक सुधारण्याची निकड त्यामुळे संपून जाते.

म्हणून तीन सूचना. एक, तीस वर्षांवरील वाहनांसाठी मर्यादित वापराचा स्वतंत्र नोंदणीवर्ग असावा, ज्यात प्रवेश तपासणीनंतरच मिळेल. दोन, ती तपासणी यंत्रचलित केंद्रात व्हावी आणि तिची आकडेवारी गाडीच्या कायम नोंदीत जावी. ॲकरलॉफ यांनी दाखवलेली माहितीची दरी त्याने भरेल आणि खरेदीदारही फसणार नाही. तीन, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत पत्राकाम व कार्बुरेटर यांचा जीर्णोद्धाराच्या अंगाने अभ्यासक्रम असावा, आणि जुने मिस्त्री तेथे मानधनावर शिक्षक म्हणून बोलवावेत.

यापैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ती वाकून पाहण्याची तयारी. इंजिनियर गंजलेल्या पत्र्यावर टिचकी मारून जे ऐकतो, ते ऐकण्याची सवय प्रशासनाला लागली, तर तिचा उपयोग गाड्यांपुरता राहणार नाही. पूल, शाळा आणि धरणे यांनाही जन्मतारीख असतेच, आणि अवस्थाही.