वगळलेला प्रदेश

कोणतीही कलाकृती पूर्ण रूपात आपल्यासमोर येते, तेव्हा तिच्यातून काय काय गळून पडले, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते. लेखकाच्या हस्तलिखितातील खाडाखोड निदान कागदावर उरते. संगणकीय खेळांची खाडाखोड मात्र बहुधा नष्टच होते; आणि असे खेळ म्हणजे मुलांचा विरंगुळा, अशी समजूत असल्याने त्याची खंतही कोणी बाळगत नाही. ही उपेक्षा मला योग्य वाटत नाही.

‘सोनिक द हेजहॉग २’ या खेळाचेच उदाहरण घेऊ. सेगा या जपानी कंपनीने तो नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आणला. घडला मात्र अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, जपानी व अमेरिकी कलावंतांच्या हातून. एक निळा, काटेरी अंगाचा प्राणी भरधाव धावत, कड्यांवरून आणि पुलांवरून उड्या घेत पुढे जातो. अशा खेळांना प्लॅटफॉर्म खेळ म्हणतात. त्यातील निरनिराळ्या प्रदेशांना ‘झोन’ असे नाव आहे.

यांपैकी ‘हिडन पॅलेस’, म्हणजे गुप्त महाल, हा प्रदेश चमकत्या स्फटिकांचा आणि जमिनीखालील धबधब्यांचा होता. त्याची चित्रे क्रेग स्टिट यांनी रेखाटली होती. खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वी नियतकालिकांनी ती छापलीही. विक्रीस आलेल्या खेळात मात्र हा प्रदेश नव्हता. सर्व रत्ने गोळा केल्यावर नायकाला जी विलक्षण शक्ती मिळते, ती त्याला याच ठिकाणी मिळावी, अशी मूळ योजना होती, असे प्रमुख प्रोग्रामर युजी नाका यांनी नंतर सांगितले. कार्ट्रिजमधील जागा अपुरी पडली. अवघ्या एक मेगाबाइटमध्ये सारे चित्र, संगीत आणि नियम बसवायचे होते. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही याहून अधिक जागा व्यापते.

अशा काटछाटीला केवळ हानी म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. या खेळातील बहुतेक प्रदेशांना दोन अंक आहेत, पण ‘मेट्रोपोलिस’ला तीन. हा तिसरा अंक मुळात दुसऱ्याच एका प्रदेशासाठी आखला होता. तो प्रदेश रद्द झाला, पण त्याची आखणी वाया गेली नाही. ‘हिडन पॅलेस’ हे नावही १९९४ च्या ‘सोनिक अँड नकल्स’मध्ये पुन्हा अवतरले, मात्र त्या नावाखालचा प्रदेश सर्वस्वी निराळा होता. निर्माते आपले जुने सामान असे पुन्हा पुन्हा उलथेपालथे करतातच. त्यात गैर काहीही नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस या खेळाची एक अपुरी, कच्ची प्रत चाहत्यांच्या हाती आली आणि तो अर्धवट प्रदेश लोकांनी प्रथमच स्वतः खेळून पाहिला. ही प्रत कंपनीने खुली केलेली नव्हती. अपुरे काम लोकांसमोर मांडावे की नाही, हे कलावंतानेच ठरवावे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो मी हलका मानत नाही. कच्च्या रेषा कोणालाही चारचौघांत दाखवाव्याशा वाटत नाहीत. तरीही एक प्रश्न उरतो. ज्याने महिनोन्‌महिने खपून चित्रे काढली, त्याच्या श्रमांची नोंद कोठे राहायची? कंपन्यांनी स्वतःचे कच्चे आराखडे नीट जपले असते, तर हे काम छंदिष्ट चाहत्यांवर पडले नसते. माझ्या मते प्रत जपण्याचे त्यांचे काम उपकारकच आहे.

माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. डिसेंबर २०१३ मध्ये मोबाइलसाठी या खेळाची नवी आवृत्ती निघाली आणि तीत ‘हिडन पॅलेस’ समाविष्ट झाला. त्याची वाट मोठ्या कल्पकतेने योजली आहे. ‘मिस्टिक केव्ह’ या गुहेत काट्यांनी भरलेला एक खड्डा होता. १९९२ च्या खेळात त्यात पडलेला नायक पुन्हा वर येऊ शकत नसे. नव्या आवृत्तीत तोच खड्डा गुप्त महालाकडे नेतो. हे मला मनापासून आवडले. पण याला ‘हरवलेला प्रदेश परत मिळाला’ असे म्हणतात, ते खरे नव्हे. मूळ प्रदेश पूर्ण झालेलाच नव्हता. त्याच्या वाटांची मांडणी नव्या लोकांनी, नव्या काळात, अमर्याद जागा हाताशी असताना केली. ती चांगली आहे, परंतु ती त्यांची आहे.

जुन्या पडक्या वास्तूची दुरुस्ती करताना नवा दगड कोणता, हे ओळखता यावे अशी काळजी जाणकार घेतात. खेळांच्या नव्या आवृत्त्यांतही इतके व्हावे: हे चित्र १९९२ चे, ही वाट २०१३ ची, असे त्या प्रदेशाच्या दारातच लिहिलेले असावे, आणि सोबत दोन्ही काळांतील कलावंतांची नावे.