चार रविवारांचा तांब्या

शाळेत असताना चित्रकलेच्या तासाला टेबलावर मांडलेली घागर किंवा माठ बहुतेकांनी काढलेला असतो. तास संपला की चित्रही संपायचे! पुढे संसार, नोकरी, मुलांचे अभ्यास यांत कागद-पेन्सिल कुठल्या कुठे जाते. मुले मोठी झाल्यावर ज्या गृहिणी पुन्हा चित्रकलेच्या वर्गाकडे वळतात, त्यांना पहिले नवल वाटते ते याचेच, की इथे एकच चित्र तीन-चार आठवडे चालते.

पुण्यातील एका रविवारच्या वर्गात नाव घातलेल्या चाळिशीतील गृहिणीचेही असेच झाले. सरांनी प्रत्येकाला घरून एकेक वस्तू आणायला सांगितली होती. तिने रोजच्या वापरातला जुना तांब्या आणला. कोणी लिंबे आणली, कोणी वांगे. पांढरे कापड अंथरून सरांनी मांडणी केली आणि डावीकडे एकच दिवा लावला. वस्तू जिथे ठेवल्या तिथे त्यांनी खडूने खुणा केल्या. खुर्च्यांच्या पायांभोवतीही केल्या. खुर्ची वीतभर जरी सरकली, तरी पुढच्या रविवारी सगळेच वेगळे दिसते.

पहिला रविवार फक्त बाह्यरेषेचा होता. तिने अर्ध्या तासात छान उंच, डौलदार तांब्या काढला. सर मागे येऊन उभे राहिले.

“ताई, हा दुकानातला तांब्या झाला. तुमचा कुठाय?”

मग मोजमाप सुरू झाले. हात सरळ ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठ्याने उंची मोजायची आणि तीच पेन्सिल आडवी धरून रुंदीशी ताडून पाहायची. तांब्या जेवढा उंच, जवळजवळ तेवढाच रुंद निघाला! बुडाची कडही तिने सरळ रेघेने काढली होती. तांब्याचे तोंड डोळ्यांच्या पातळीच्या जरासे खाली असते, म्हणून ते चपट्या लंबवर्तुळासारखे दिसते. बूड त्याहून खाली असते, म्हणून त्याचा बाक अधिक गोल यायला हवा. टेबल सपाट आहे हे मनाला ठाऊक असते आणि हात मनाचे ऐकतो. डोळ्यांचे ऐकायला त्याला शिकवावे लागते.

दुसऱ्या रविवारी छायाप्रकाश. सरांनी सगळ्यांना डोळे किलकिले करायला लावले. तसे केले की बारीकसारीक तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे भाग तेवढे उरतात. प्रकाश पडतो तो उजळ भाग, मग मध्यम छटा, मग गडद सावली. सावलीच्या कडेला कापडावरून परतून आलेला मंद उजेड, आणि शेवटी टेबलावर पडलेली छाया. एचबी पेन्सिल बाजूला पडली, टूबी आणि फोरबी हातात आल्या. दोन तासांनी तांब्या गोल दिसू लागला. रोजच्या वापराचा म्हणून त्या संध्याकाळी ती तो घरी घेऊन गेली. चूक झाली ती इथेच.

तिसऱ्या रविवारी पिशवीतून निघालेला तांब्या लखलखत होता. सासूबाईंनी चिंच-मीठ लावून तो घासून काढला होता! काळपटपणा गेला आणि त्याच्या जागी दिव्याचा झगझगीत ठिपका, लिंबाचे प्रतिबिंब आणि कापडाची चुणी दिसू लागली. दोन रविवारांची मेहनत वाया गेली असे वाटून तिचे डोळे भरून आले. इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी करणारा शेजारचा नववीतला मुलगा खोडरबर पुढे करत होता. तिने नवा कागद मागितला.

सरांनी तो दिला नाही. “आकार तोच आहे ना? मग चित्र तेच आहे. उजेड बदललाय तेवढा.” त्यांनी सेझान या फ्रेंच चित्रकाराची गोष्ट सांगितली. १८९९ मध्ये त्याने व्होलार या चित्रविक्रेत्याचे व्यक्तिचित्र सुरू केले. ११५ बैठकांनंतरही ते पुरे न होता थांबले, असे खुद्द व्होलारने लिहून ठेवले आहे. आज तेच चित्र पॅरिसच्या संग्रहालयात आहे.

मग काम पुढे सरकले. मऊ खोडरबराने उजळ जागा हलकेच टिपून घेतल्या, पण चमक काही येईना. कागदाच्या पांढऱ्याहून अधिक पांढरे कुठून आणणार? उत्तर आजूबाजूला होते. पार्श्वभूमी आणि पडछाया सिक्सबीने एकेक पायरी गडद केली, आणि जिथे हातही लावला नव्हता, तो ठिपका आपोआप उजळला.

चौथ्या रविवारी वांगे सुरकुतले होते. त्याची आता गरज नव्हती, सरांनी ते पहिल्याच दिवशी पुरे करून घेतले होते. कापडाच्या घड्या झाल्या. काही कडा ठळक केल्या, काही सावलीत विरघळू दिल्या. शेवटची वीस मिनिटे ती नुसती बघत बसली होती. तेव्हा तिला तांब्याच्या पोटावर, उजव्या बाजूला एक पोचा दिसला. वर्षानुवर्षे हा तांब्या तिच्या हातात होता, पण पोचा तिने कधी पाहिला नव्हता. दोन छटांत तो कागदावर उतरला. सर म्हणाले, “आता पेन्सिल खाली ठेवा.”

घरी चित्र भिंतीला टेकवून ठेवले. सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या आणि त्यांनी पोच्यावर बोट ठेवले.

“अगं, हा तर आपलाच! विहिरीच्या काठावरून पडला होता माझ्या हातून. लग्नाला महिनाही झाला नव्हता. किती बोलणी खाल्ली होती मी!”

“कधी सांगितलं नाहीत, आई.”

“कोणी विचारलंच नाही,” असे म्हणून त्या चित्रासमोरच बसल्या आणि सांगू लागल्या.