आकडा रुपयांत, पैसा परक्या चलनात

ऑनलाइन कॅसिनोच्या जाहिरातीत जॅकपॉटचा आकडा क्षणाक्षणाला वाढताना दिसतो. तो कोटींच्या घरात असतो आणि रुपयांत असतो. कुठेतरी तेवढे रुपये बाजूला काढून ठेवले आहेत, असे पाहणाऱ्याला वाटते. खरी गोष्ट वेगळीच आहे.

असा मोठा जॅकपॉट एकट्या कॅसिनोचा नसतो. एकच खेळ अनेक देशांतील कॅसिनो चालवतात आणि प्रत्येक डावातील लहानसा हिस्सा एका सामायिक गंगाजळीत जमा होतो. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्यात १९८६ साली ‘मेगाबक्स’ या नावाने निरनिराळ्या कॅसिनोंतील यंत्रे एकमेकांना जोडली गेली. इंटरनेटने ही जोडणी देशांच्या सीमा ओलांडून नेली आणि प्रश्न आला चलनाचा. त्यावर उपाय असा, की गंगाजळी एकाच चलनात, पुष्कळदा युरोत, मोजायची. प्रत्येकाचा हिस्सा त्या चलनात बदलून जमा होतो आणि आकडा ज्याला त्याला त्याच्या चलनात दाखवला जातो. लंडनमध्ये जो पौंडांत दिसतो, तोच जयपूरजवळच्या चौमूं गावात रुपयांत दिसू शकतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये एका ब्रिटिश तरुणाने ‘मेगा मुला’ या खेळात सुमारे १ कोटी ३२ लाख पौंड जिंकले. गिनीज बुकातील नोंद मात्र सुमारे १ कोटी ७९ लाख युरोंची आहे. रक्कम एकच, चलने दोन!

आता हिशेब पाहू. समजा, गंगाजळीत १० लाख युरो आहेत. युरोचा भाव ९० रुपये असेल, तर पडद्यावर ९ कोटी दिसतील. भाव १०० झाला, की तेच १० कोटी होतील. एक कोटी वाढले, पण भांड्यात एका पैशाचीही भर पडलेली नाही!

पैसे भरताना आणि काढतानाही चलन बदलते. दर वेळी ३ टक्के कापले गेले, असे धरा. १००० रुपयांचे ९७० होतात आणि परत येताना साधारण ९४१ उरतात. एकही डाव न खेळता ५९ रुपये गेले. शिवाय अशा अनेक खेळांत जॅकपॉट लागण्याची शक्यता डावाच्या रकमेवर ठरते. आकडा सर्वांना सारखा दिसतो, पण दहा रुपये लावणाऱ्याची संधी एक पौंड लावणाऱ्याइतकी नसते.

आणि समजा, लागलाच जॅकपॉट, तर? लॉटरीची तिकिटे, स्वीपस्टेक अशा गोष्टींसाठी देशाबाहेर पैसे पाठवण्यास परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनी मनाई केलेली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला कायदा तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी घालतो. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. अशा व्यवहारांना बँकांनी हात लावायचा नाही, असेही तो सांगतो. परदेशातील कंपनीने पैसे अडवले, तर दाद मागायची कोणाकडे?

घरातील मुलांना नुसते रागावून हे कळणार नाही. त्यांच्याजवळ बसावे, कागद-पेन्सिल घ्यावी आणि ५९ रुपयांचा हा हिशेब त्यांच्याकडूनच करवून घ्यावा.