कार्डावर टिपले, पुढे काय?

कॅमकॉर्डर हाती आला की आपण भराभर चित्रण करतो. मेमरी कार्ड भरले की जुने पुसतो आणि नवे टिपतो. हे काम सोपे झाले आहे, म्हणूनच आग्रहाने सांगावेसे वाटते की, कार्ड हे चित्रे टिपण्याचे साधन आहे, ती जपण्याचे कपाट नव्हे.

असे का? कार्डात फीत नसते की फिरती तबकडी नसते. असतात अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर. प्रत्येकात विद्युतरोधक थराने वेढलेला एक कप्पा असतो. त्यात किती इलेक्ट्रॉन कोंडले आहेत, त्यावरून माहिती वाचली जाते. ही 'फ्लॅश' स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधून काढली. वीज बंद केली तरी इलेक्ट्रॉन कोंडलेलेच राहतात, पण कायमचे नव्हे. वर्षे लोटतात तसे ते निसटू लागतात. उष्णतेत अधिक लवकर. शिवाय वारंवार लिहिण्या-पुसण्याने रोधक थरही झिजतो.

आता थोडे गणित करू. एका चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट होतात. १६ गिगाबाइटचे कार्ड पावणेदोन मिनिटांतच भरेल! प्रत्यक्षात ते दीड तास पुरू शकते. कारण कॅमकॉर्डर प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाही. बहुतेक वेळा आधीच्या चित्राहून जे बदलले तेवढेच नोंदवतो. अर्थात, मधली एखादी नोंद बिघडली की तिच्यावर विसंबलेली पुढची चित्रेही बिघडतात.

चित्रण टिकले, तरी ते पुरावा ठरेलच असे नाही. बोईसरच्या पश्चिमेला असलेल्या नवापूरच्या किनाऱ्यावरील वाळू वर्षभरात किती सरकते, हे तुम्हाला पाहायचे आहे असे समजा. एक चित्रण भरतीचे आणि दुसरे ओहोटीचे असेल, तर तुलना फसवीच होईल. एकाच तिथीला भरती साधारण एकाच वेळी येते, हे तेथील मच्छीमार जाणतात. म्हणून तिथी तीच, वेळ तीच, जागा तीच हवी आणि चौकटीत खुणा केलेली एक काठीही हवी. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ अशाच चिकाटीने, एका जागेवरून रोज थोडी थोडी टिपली होती. मात्र त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या फिती आज शिल्लक नाहीत. टिपणे आणि जपणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे यातून शिकावे.

कोणी म्हणेल, "तारीख तर कॅमेराच नोंदवतो!" नोंदवतो खरा, पण त्याचे घड्याळ चुकले असेल तर? आणि काठी कोठे रोवली होती, हे त्याला काय ठाऊक?

तेव्हा चित्रण झाले की त्याच दिवशी वहीत नोंद करा. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा, त्या उघडून पाहा आणि मगच कार्ड पुसा. चुकून पुसलेच, तर त्यावर नवे चित्रण मुळीच करू नका. बहुधा केवळ अनुक्रमणिका पुसली गेलेली असते आणि चित्रे परत मिळू शकतात.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थ्यांचे चित्रण पाहण्याआधी त्यांची वही मागा.